तळटीप १२ : गांजावरचा कर आणि शाळांची मागणी

१२. गांजा-कर : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९२च्या घटनादुरुस्तीमुळे मतदारांच्या संमतीशिवाय नवा कर लावता येत नाही. मतपत्रिकेवरचा प्रश्नसुद्धा ‘कर वर्षाला अमुक डॉलरांनी वाढवावेत का?’ असा थेट रकमेपासून सुरू होतो. नोव्हेंबर २०१२मध्ये मतदारांनी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. पुढच्याच नोव्हेंबरात त्यांनी गांजावर १५ टक्के उत्पादनशुल्क आणि १० टक्के विशेष विक्रीकर भरघोस मतांनी मंजूर केला; त्याच दिवशी शाळांसाठी प्राप्तिकर वाढवण्याचा प्रस्ताव मात्र तितक्याच ठामपणे फेटाळला.

गांजा-कराचा पैसा आणि शाळांची मागणी यांवरचा वाद समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या उत्पादनशुल्कातील दरवर्षीचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामासाठी राखलेले होते. त्यातून गळके छप्पर बदलता येते, जुना बॉयलर काढता येतो. शिक्षकाचा पगार होत नाही. हे अनुदानही अर्ज करून मिळवावे लागते आणि त्यात सहसा स्थानिक वाटा घालावा लागतो. म्हणून शाळा-जिल्हे मालमत्ताकरासाठी किंवा कर्जरोख्यांसाठी पुन्हा मतदारांपुढे येतात, तेव्हा गांजाचा पैसा उधळून ते आले आहेत, असे समजणे अन्यायाचे आहे. छपराचा पैसा वेगळा आणि वर्गात शिकवणाऱ्याचा वेगळा. हा हिशेब मतदाराला आधीच उलगडून सांगितला नाही, तर त्याची किंमत मुले मोजतात. – संपादक