एम्युलेटर मध्येच बंद पडतोय? आधी व्हर्च्युअल मेमरी तपासा

सोनकच्छ (जि. देवास) : माळव्यातला गिल्ली-डंडा म्हणजे मराठी घरातला विटीदांडू. हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीने २००९ साली ‘देसी अड्डा’ या प्लेस्टेशन २ च्या गेममध्ये तो आणला. या कन्सोलचे उत्पादन २०१३ पर्यंत बंद झाले. घरात डिस्क आहे, पण कन्सोल बिघडला, तर पीसीएसएक्स२ सारखा एम्युलेटर कामी येतो. मात्र जुन्या पीसीवर ‘मेमरी अपुरी’ असा मेसेज येऊन तो बंद पडू शकतो.

कारण काय?
मूळ कन्सोलची मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी. पण एम्युलेटरला कन्सोलच्या सूचना पीसीच्या भाषेत बदलायच्या असतात, चित्रेही सांभाळायची असतात. त्यासाठी तो बरीच जागा आधीच मागून ठेवतो. रॅम आणि डिस्कवरची पेजफाईल मिळून जेवढी होते, त्याहून जास्त जागा विंडोज कबूल करत नाही. त्यामुळे रॅम शिल्लक दिसत असली तरी नकार मिळतो. ‘पेजफाईल बंद करा, पीसी पळेल’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

सेटिंग असे करा
१. स्टार्टमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधून उघडा.
२. ‘परफॉर्मन्स’खालच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जा. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘व्हर्च्युअल मेमरी’ समोरचे ‘चेंज’ दाबा.
३. सर्वात वरची ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण असेल तर ती राहू द्या, बहुतेकांना तेवढे पुरते. तरीही अडचण आली तरच खूण काढा.
४. ‘कस्टम साईज’ निवडा. ८ जीबी रॅम असेल तर ‘इनिशियल’ ८१९२ आणि ‘मॅक्सिमम’ १६३८४ एमबी ठेवून पाहा. ड्राईव्हवर तेवढी जागा मोकळी हवी. एसएसडी असेल तर तीच निवडा.
५. ‘सेट’ दाबा, मगच ‘ओके’. ‘सेट’ राहिले तर बदल होत नाही. शेवटी पीसी रीस्टार्ट करा.

वेग वाढेल का?
नाही. गेम बंद पडणे थांबेल, अडखळणे नाही. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. गेम अडखळत असेल तर एम्युलेटरचे रिझोल्यूशन ‘नेटिव्ह’वर आणा, ब्राउझर बंद करा. त्यानेही भागले नाही, तर रॅम आणि प्रोसेसर तपासून घ्या.

बायोस फाईल स्वतःच्या कन्सोलमधूनच काढावी आणि गेमही स्वतःच्या डिस्कवरूनच घ्यावा. इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींत कॉपीराइटचा भंग तर होतोच, व्हायरसचीही भीती असते.