चित्रातली गोष्ट कोण सांगतं?



मागच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ठराव झाला. गटाला मिळालेल्या व्याजातून दोन हजार रुपये बाजूला काढायचे आणि अंगणवाडीतल्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं आणायची. ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले, आणि आम्ही तिघी तालुक्याला जाऊन अकराशे रुपयांची पुस्तकं घेऊनही आलो. चकचकीत कागद, मोठाली चित्रं आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चौकटीत 'बोध'. मुलांना वळण लागेल, आणखी काय पाहिजे?

आठवडाभरात अंगणवाडीताईंनी त्यातलं एक पुस्तक परत आणून दाखवलं. गोष्टीतली शहाणी मुलगी गोरीपान, केस चापूनचोपून बांधलेले. खोटं बोलणारी, भांडखोर मुलगी काळीसावळी, झिंज्या पिंजारलेली. चार वर्षांच्या एका पोरीनं त्या दुसऱ्या मुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी." शेवटच्या पानावर बोध होता, नेहमी खरं बोलावं. तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही. पोर जे शिकायचं ते चित्रातून शिकून बसली होती.

तेव्हा आम्ही थांबलो. उरलेले नऊशे रुपये तसेच ठेवले आणि आधी मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांची मागची हकिगत शोधली. जे सापडलं ते आज तुम्हांला सांगतो.

मुलांसाठी मुद्दाम केलेलं चित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात, ते १६५८ साली जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात निघालं. ते करणारे कोमेनियस आजच्या चेक देशातले. धर्माच्या भांडणात आणि लढायांत त्यांना मुलूख सोडावा लागला, देशोदेशी राहावं लागलं. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रातलं जग. त्यात दीडशे धडे. वर चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि खाली त्याच आकड्यांनी त्या वस्तूंची नावं. अक्षरओळखीची सुरुवात कशानं असेल? कावळ्यानं! कावळा कसा ओरडतो, कोकरू कसं ओरडतं, वारा कसा वाहतो, त्या आवाजावरून अक्षर. पुढं शेत नांगरणारा आहे, विणकर आहे, पाव भाजणारा आहे. म्हणजे मुलाला दाराबाहेर जे दिसतं तेच पुस्तकात. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "मग आपल्या पुस्तकात सफरचंद आणि इग्लू कशाला?"

पण चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याला परदेशातून शिकावं लागलं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी दाखवतात. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले, एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीनं, गात-बोलत कथा पुढं न्यायची. या कलेसाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हांला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. ऐकणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसलं तरी काही अडत नाही. चित्र आणि सांगणारा माणूस, एवढं पुरतं.

मग शेवटच्या पानावरचा 'बोध' आला कुठून? मुंबई इलाख्यात इंग्रजी अंमलात शाळा निघू लागल्या, त्यांना मराठी पुस्तकं हवी होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसपनीतीच्या कथा आणि 'बाळमित्र' मराठीत आणले. इसापनीती पुढं घरोघरी गेली. कोल्हा, करकोचा, ससा, कासव आपल्या ओळखीचे झाले. त्या गोष्टी चांगल्याच आहेत, आम्हीही त्यांवरच वाढलो. फक्त गोष्ट संपली की खाली 'तात्पर्य' पाहिजेच, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली. शाळेत तात्पर्य पाठ केलं की गोष्टीचे मार्क मिळायचे. म्हणूनच तर दुकानात आम्ही चित्रं न बघता आधी शेवटची चौकट वाचली.

ही सवय मोडायचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत दोन बायका होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई १८९२ सालच्या, पदवीपर्यंत शिकलेल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. गिजुभाईंचं म्हणणं असं की गोष्ट आधी आनंदासाठी सांगावी, उपदेशाचं औषध पाजायला नव्हे. १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि तिथं अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्यानंतर शिकल्या, शिक्षिका झाल्या. बैठकीत हे सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आमच्या गटात पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या चौघी आहेत.

१९५७ पासून दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर चाललं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. मुलं शाळेत येईनात, कारण धाकटं भावंडं कडेवर आणि गुरं रानात. तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेऊ, असं ताराबाईंनी ठरवलं. ती अंगणवाडी. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. रोज आपण जो शब्द बोलतो, तो त्या पाड्यांवरचा आहे. शहरातल्या बालवाडीत लागणारी महागडी साधनं तिथं कुठली? बिया, शिंपले, खडे, पानं यांवर शिकवणं चाललं. पैसे नव्हते हे खरं. पण मुलाला ते ओळखीचं होतं, हेही खरं.

अलीकडं निवडीला पुष्कळ आहे, बघायला मात्र हवं. नॅशनल बुक ट्रस्ट ही सरकारी संस्था १९५७ सालची, तिच्या नेहरू बाल पुस्तकालयात मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात. प्रथम बुक्स २००४ सालची, तीही कमी किमतीची. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांच्या 'राधाचं घर'मध्ये घरातली माणसं आहेत, आपल्या घरात असतात तशी. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या खेपेला आम्ही पुस्तकं बघायला म्हणून आणली, पैसे नंतर द्यायच्या बोलीवर, आणि बैठकीत सतरंजीवर पसरली. गटातल्या सगळ्यांत वडील मावशी अंगठा करतात. लिहिलेल्या ओळींवर वहीचा कागद झाकून एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं. आधी त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय?" आणि पुस्तक बाजूला सारलं. मग चित्रातली शेळी बघितली आणि सुरूच झाल्या. शेळी गाभण आहे, म्हातारी तिला धरून का बसलीय, पाऊस कुठल्या बाजूनं येतोय. त्यांचा नातू मांडीत घुसून मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता. कागद काढून वाचलं तर छापलेली गोष्ट वेगळीच! पण ते पुस्तक आम्ही घेतलं. जिथं मावशींना दोन वाक्यांपुढं काही सुचलं नाही, ती परत केली. चित्रात वाईट माणूस कोणत्या रंगाचा, चुलीपुढं कोण आणि खुर्चीत कोण, हेही आता बघतो.

यावर आमच्यात भांडणही झालं. वाचता येणाऱ्या दोघी म्हणाल्या, ज्यांना येतं त्यांनी छापलेलंच वाचावं, नाहीतर मुलांच्या कानावर पुस्तकातले शब्द पडणार कसे? ते खोटं नाही. सध्या दोन्ही चालतं, आई वाचते, आजी सांगते.

नऊशे रुपयांत अठरा पुस्तकं आली. पत्र्याच्या पेटीत ठेवतो, शनिवारी वाटतो, नोंद गटाच्याच वहीत. जुनं ते पुस्तक दुकानदारानं परत घेतलं नाही, ते ताईंच्या कपाटात वर ठेवलंय. त्या पोरीनं मागच्या शनिवारी शेळीचं पुस्तक नेलं. वहीत तिच्या आजीचा अंगठा आहे.