शिट्टीचा सूर का उतरतो?

कुडाळ स्टेशनावरून न थांबणारी मालगाडी शिट्टी देत गेली, की सूर एकदम उतरतो. शिट्टी बदलत नाही, बरं का! पुढे धावणारी गाडी आपल्याच ध्वनिलहरी दाटीने ढकलते. मागे त्या विरळ पडतात. ताशी ७२ किलोमीटर वेग असला, तर शिट्टीचा ‘सा’ येताना कोमल ‘रे’ वाटेल, जाताना शुद्ध ‘नी’. गुरुजी, पेटीवर ताडून पाहा.

१८४२ साली प्रागमध्ये डॉप्लर यांनी हे गणिताने मांडलं. हॉलंडच्या बाइज बॅलट यांना शंका. १८४५ साली त्यांनी उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारीवाले चढवले, रुळांकाठी तयार कानांचे वादक उभे केले. फेब्रुवारीत थंडीने बेत फसला, जूनमध्ये साधला. ध्वनीपुरते डॉप्लर खरे ठरले. ताऱ्यांचे रंगही यामुळेच, हे त्यांचं म्हणणं मात्र बॅलटांनी मानलं नाही, आणि ते योग्यच होतं.