माईआत्याचा दावा

आमच्या आजोबांची बहीण, माईआत्या. घरात सगळे म्हणायचे, "तिला नवऱ्यानं टाकलं."

दांडिया बाजारातलं घर सोडून मांजलपूरला आलो, तेव्हा तिच्या पेटीत कोर्टाचं एक जुनं समन्स सापडलं. त्यावर दाव्याचा नंबर होता, साल १९३४. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला होता. देशभर हा हक्क १९५५ साली मिळाला.

न्यायमंदिरातली कोर्टं आता दिवाळीपुऱ्यात आहेत. तिथे नकलेसाठी अर्ज दिला. कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, साल, दोन्ही पक्षकारांची नावं, आमचं नातं, नक्कल कशाला हवी, सगळं लिहिलं. कोर्ट फीचं तिकीट लावलं. बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटी गुजरातीतल्या निकालाची नक्कल हातात आली.

वादी म्हणून माईआत्याचंच नाव! दावा तिनं लावला होता, आणि जिंकलीही तीच.

बाबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "यापुढे या घरात कुणी 'टाकली' म्हणायचं नाही."

तुमच्याकडे जुनी समन्सं, वकिलाच्या पावत्या असतील तर रद्दीत घालू नका. नंबर आणि साल असलं की शोध घेता येतो.