लक्ष्मीबाई टिळक : संसार, विरह आणि श्रद्धा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतराचा प्रश्न तत्त्वचर्चेचा होता, तितकाच तो घराच्या उंबरठ्यावरचा होता. पुरुषाने धर्म सोडला की त्याच्या पत्नीचे काय होई, याची नोंद इतिहासग्रंथांतून क्वचितच सापडते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे (चार भाग, १९३४–३७) ही उणीव काही अंशी भरून निघाली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांनी सोवळ्याचे विलक्षण स्तोम माजविले. विटाळाच्या भीतीने ग्रासलेल्या या घरात वाढलेल्या मुलीचे १८८० च्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक प्रतिभावान कवी होते आणि मनाचे उदार; पण तितकेच तापट व लहरी. न सांगता घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा गरजूंना देऊन टाकणे, नोकऱ्या व गावे बदलणे या साऱ्यामुळे संसाराची घडी कधी बसलीच नाही. पत्नीला लिहावाचावयास शिकविणारेही टिळकच आणि तिला निराधार करून जाणारेही तेच.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय ख्रिस्ती गृहस्थाने टिळकांना ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा वैधव्याहून कठीण प्रसंग होता. पती जिवंत होता, पण त्याच्या हातचे पाणी चालणार नव्हते. लहान मुलासह त्यांना नातलगांच्या आश्रयाने राहावे लागले. या अवस्थेची दखल कायद्यानेही घेतली होती. १८६६ च्या एकविसाव्या अधिनियमानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारल्यास, न्यायालयाकडे दाद मागता येई. विचारासाठी दिलेली वर्षाची मुदत संपल्यावरही नकार कायम राहिला, तर विवाहबंधन तोडता येई. टिळक दांपत्याने ही वाट धरली नाही. विरहाच्या काळात पत्रे चालू राहिली, रुसवेफुगवे चालू राहिले; बंध मात्र तुटला नाही.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. अखेरीस त्यांच्या मनाची गाठ सुटली ती पतीच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वराने निर्माण केली असेल, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. भेद माणसाचाच असेल तर तो पाळावयाचा कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि विटाळ सोडून दिला. जलालपूरच्या घरातील सोवळे ज्यांनी सोसले होते, त्यांच्या बाबतीत हा निर्णय सैद्धांतिक असणे शक्यच नव्हते. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. श्रद्धा ही त्यांच्या ठायी पतिनिष्ठेचा विस्तार म्हणून आली नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

श्रद्धेमुळे संसार सुरळीत झाला, असे मात्र म्हणता येत नाही. टिळकांचा स्वभाव पालटला नाही. भांडणे होत, अबोला धरला जाई, पैशाची ओढाताण असे. बदलले होते ते लक्ष्मीबाईंचे स्थान. पूर्वी ज्या आघातांनी त्या कोसळत, त्यांकडे त्या आता मिस्कीलपणे पाहू लागल्या. पतीच्या मोठेपणाचा आदर आणि त्याच्या वेडेपणाचे हसू ही दोन्ही त्यांच्या लेखनात एकाच वाक्यात नांदतात. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. घर पुन्हा एकदा डळमळले. परंतु आता समोर उभी होती ती आश्रित पत्नी नव्हती; तिला स्वतःचा देव होता आणि स्वतःचे मतही.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभलेले व अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला दोन वर्षे झाली होती. पतीने ज्या लेखणीची ओळख करून दिली, त्या लेखणीनेच पत्नीने त्याचे काम पुढे नेले. आणि तिनेच ‘स्मृतिचित्रे’त त्याचे गुणदोष कोणताही आडपडदा न ठेवता मांडले. प्रेमातील हा निर्भयपणा त्यांच्या श्रद्धेचे सर्वांत विश्वसनीय फलित मानावे लागेल.