काश्मिरी दरवाज्यासमोरची फाशी

दाग देहलवीची गझल शिकवायची म्हटली की माझा तास नेहमी चांगला रंगतो. भाषा सोपी, रोजच्या बोलण्यातली. मुलांना अर्थ सांगत बसावे लागत नाही. एके दिवशी शायरची ओळख करून देताना मी फळ्यावर लिहिले : नवाब मिर्झा खान, जन्म १८३१, दिल्ली. वडील नवाब शम्सुद्दीन अहमद खान. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, वडील नवाब होते तर हे दुसऱ्यांच्या दरबारात नोकरी का करत होते?"

मी उत्तर दिले, "वडिलांना इंग्रजांनी फाशी दिली होती. शहीद झाले ते."

तास संपला. मुले खूश झाली, मीही खूश झालो. पण घरी आल्यावर स्वतःलाच विचारले, मास्तर, हे शहीद तुम्ही कुठे वाचले? खरे सांगायचे तर कुठेच नाही. ऐकले होते. बी.एड.ला असताना कोणीतरी बोलले होते, ते डोक्यात बसले होते. जे मला नीट माहीत नव्हते ते मी चाळीस मुलांना खात्रीने सांगून मोकळा झालो होतो. त्या रुखरुखीपोटी पुढे जे वाचले, ते या लेखात मांडतो आहे.

भावाभावांचे भांडण

या कहाणीची सुरुवात आपल्या मराठ्यांच्या लढाईपासून होते. १८०३ साली लॉर्ड लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा दिल्लीजवळ आणि मग लासवारीला पराभव केला. उत्तर हिंदुस्थानातली मराठ्यांची सत्ता खिळखिळी झाली. या मोहिमेत अलवरच्या राजाचा वकील अहमद बख्श खान याने इंग्रजांना मोठी मदत केली. बक्षीस म्हणून कंपनीने त्याला मेवातमधला फिरोजपूर झिरका हा परगणा दिला, तर अलवरच्या राजाने लोहारू दिले. एका लढाईत एक वकील नवाब झाला.

फिरोजपूर झिरका आज हरियाणाच्या नूह जिल्ह्यात आहे. अरवलीच्या कुशीतला, मेव मुसलमानांच्या वस्तीचा हा मुलूख. दिल्लीपासून सत्तर-पंचाहत्तर मैल.

अहमद बख्शच्या मोठ्या मुलाची, शम्सुद्दीनची आई मेवाती होती. धाकट्या दोघांची, अमीनुद्दीन आणि झियाउद्दीन यांची आई खानदानी घरातली. बापाने हयातीतच वाटणी केली. फिरोजपूर मोठ्याला, लोहारू धाकट्यांना. १८२७ मध्ये तो वारला आणि आपल्या गावोगावच्या वाड्यांत जे होते तेच झाले. मोठा म्हणाला, सगळेच माझे. धाकटे म्हणाले, अब्बांचा शब्द पाळा. लोहारू कधी इकडे तर कधी तिकडे गेले, अर्ज-तक्रारी कलकत्त्यापर्यंत पोहोचल्या.

या भांडणात आणखी एक माणूस अडकला होता, मिर्झा गालिब. गालिबचे चुलते नसरुल्लाह बेग हे अहमद बख्शचे मेहुणे. ते वारल्यावर त्यांच्या कुटुंबाची पेन्शन फिरोजपूरच्या उत्पन्नातून द्यायची असे ठरले. गालिबच्या वाट्याला वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला बासष्ट रुपये आठ आणे येत. आपला हक्क याहून जास्त आहे, मधल्या मध्ये पैसे दाबले गेले, ही त्याची तक्रार होती. त्यासाठी तो कर्ज काढून कलकत्त्याला गेला आणि हात हलवत परत आला. त्यात त्याची बेगमही याच घराण्यातली, शम्सुद्दीनची चुलत बहीण. म्हणजे भांडण घरातलेच.

फ्रेझर

विल्यम फ्रेझर हा स्कॉटलंडचा माणूस. कोवळ्या वयात कंपनीच्या नोकरीत आला आणि दिल्लीचाच होऊन गेला. फारसी बोलायचा, दाढी-मिशा देशी ढंगाने राखायचा. गाईचे मांस आणि डुकराचे मांस दोन्ही त्याने सोडले होते. देशी बायकांशी त्याचा संसार होता. गालिबशी दोस्ती होती. त्याचबरोबर तो हट्टी होता, तापट होता आणि शेवटी शेवटी दिल्लीतला कंपनीचा सर्वांत मोठा अधिकारी होता, गव्हर्नर जनरलचा एजंट.

या फ्रेझरने लोहारूच्या वादात धाकट्या भावांची बाजू घेतली. शम्सुद्दीन त्याच्या घरी लहानपणापासून येणारा-जाणारा, जवळजवळ मुलासारखा. आता त्याच शम्सुद्दीनला फ्रेझरने दारातून परत पाठवले. भर दिल्लीत नवाबाची बेइज्जती झाली. यामागे बाईचे कारण होते, अशीही कुजबुज शहरात होती. कोणी शम्सुद्दीनच्या बहिणीचे नाव घेई, कोणी दागची आई वजीर खानम हिचे. शम्सुर्रहमान फारुकींची 'कई चाँद थे सर-ए-आसमाँ' ही कादंबरी (२००६) याच वजीर खानमवर आहे. कुजबुजीला पुरावा नसतो, म्हणून ती बाजूला ठेवू. जमिनीचा वाद आणि दारातला अपमान, एवढी दोन कारणे खुनाला पुरतात. आपल्याकडच्या कोणत्याही तालुका कोर्टात विचारून पाहा.

२२ मार्च १८३५

रविवार होता. किशनगडच्या राजाकडची मेजवानी आटोपून फ्रेझर घोड्यावरून रिजवरच्या आपल्या कोठीकडे चालला होता. रिज म्हणजे शहराबाहेरची टेकडी, तेव्हा झाडाझुडपांची, ओसाड. कोठी जवळ आली असताना एक स्वार पुढे आला, सलाम केल्यासारखे केले आणि अगदी जवळून बार काढला. फ्रेझर जागीच कोसळला.

तपासात पानिपतहून आलेला एक तरुण अधिकारी सामील झाला, जॉन लॉरेन्स. हाच पुढे १८६४ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. संशय दर्यागंजमध्ये नवाबाच्या जागेत राहणाऱ्या करीमखान या नेमबाजावर गेला. त्याचा घोडा, घोड्याचे नाल, पाण्यात भिजवून शाई घालवलेले कागदाचे तुकडे, यांची हकिकत लॉरेन्सने पुढे सांगितली. कागदावर कुत्री विकत घेण्याचा मजकूर होता. ज्या कामासाठी दिल्लीला पाठवले ते कुत्र्यांचे काम लवकर उरक, अशा अर्थाचा. कुत्र्यांचे काम म्हणजे फ्रेझरचा खून, असे सरकारने मानले. तोड केलेली बंदूक पुढे विहिरीत सापडली.

तरीही खटला उभा राहिला तो एका गरीब माणसाच्या जबानीवर. अनिया नावाचा मेव करीमखानसोबत दिल्लीत होता. खून होताच तो पायी फिरोजपूरला धावला आणि नवाबाला खबर दिली. तिथे पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आले की, आता आपण नकोसे झालो आहोत. साक्षीदाराचा काटा काढला जाणार. तो पळाला, लपला आणि अखेर माफीचा साक्षीदार झाला.

मला या सगळ्या प्रकरणात अनिया विसरता येत नाही. जमिनीचे भांडण नवाबांचे, अपमान नवाबाचा, मारला गेला साहेब, पण रात्रभर धावला तो मेव. करीमखान तरी कोण होता? पगारी चाकर. नवाबाच्या आधी फासावर तोच चढला. इतिहासात आपण नवाबांसाठी रडतो. चाकरांची नावे परीक्षेत कोणी विचारत नाही.

८ ऑक्टोबर १८३५

शम्सुद्दीन स्वतः दिल्लीला हजर झाला होता. खटला चालला, निकाल कलकत्त्याला मंजुरीसाठी गेला. तेव्हा हंगामी गव्हर्नर जनरल होता चार्ल्स मेटकाफ, जो स्वतः पूर्वी दिल्लीचा रेसिडेंट होता. फ्रेझरच्या रिकाम्या जागेवर त्याचाच भाऊ थॉमस मेटकाफ आला. म्हणजे मेला तो कंपनीचा माणूस, तपास केला कंपनीने, न्याय दिला कंपनीने आणि परगणा जप्त केला तोही कंपनीनेच. पुरावा कितीही भक्कम असला तरी ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

गुरुवारी सकाळी काश्मिरी दरवाज्याबाहेर फाशीचा खांब उभा होता. या प्रसंगाचे वर्णन कर्नल स्लीमनने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात केले आहे. खांबाच्या तीन बाजूंनी घोडदळ, देशी पायदळाच्या तीन पलटणी, तोफखाना आणि पोलीस. एका माणसाला मारायला एवढी फौज लागत नाही. ती फौज बघणाऱ्यांसाठी होती. त्या काळी खुद्द इंग्लंडमध्येही फाशी चव्हाट्यावरच होई, १८६८ पर्यंत. सरकारचा समज असा की, लोक बघतील आणि घाबरतील.

शम्सुद्दीनने हिरवा रेशमी पोशाख घातला होता. हिरवा रंग शहीदांचा, म्हणून तो उतरवायला लावला. मग त्याने साधा पांढरा घातला. फास अडकवायला भंगी पुढे आला तेव्हा नवाबाने अंग चोरले, असे स्लीमन लिहितो. मरणाच्या दारातही आमची नवाबी आणि जात सुटली नाही. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

मग ती गोष्ट घडली ज्याची चर्चा दिल्लीत पुढे बराच काळ चालली. प्राण जाताना लटकलेले शरीर फिरले आणि चेहरा पश्चिमेकडे, किबल्याकडे झाला. जमलेल्या मुसलमानांनी तो करिश्मा मानला. कदम शरीफला दफन झाले आणि कबरीवर लोक जाऊ लागले. ज्यांनी धाक बसावा म्हणून भर चौकात फाशी दिली, त्यांनीच एक शहीद तयार केला.

नंतर

फिरोजपूर झिरका कंपनीने खालसा केले. लोहारू धाकट्या भावांना मिळाले. गालिबची पेन्शन आता थेट कंपनीच्या खजिन्यातून येऊ लागली, रक्कम मात्र तीच. शिवाय, तुझ्याच चुगलीने नवाब पकडला गेला, असा संशय दिल्लीकरांनी त्याच्यावर घेतला. कर्जापायी त्या दिवसांत तो दिवसा घराबाहेरही पडू शकत नव्हता. दोस्त खुनात गेला, सासरचा माणूस फासावर गेला आणि बोट मात्र याच्याकडे.

फ्रेझरची रिजवरची कोठी विकत घेतली एका मराठी सरदाराने, कागलच्या हिंदुराव घाटग्यांनी, बायजाबाई शिंद्यांच्या भावाने. आज दिल्लीत हिंदुराव हॉस्पिटल आहे ते तेच ठिकाण. फ्रेझरचा दोस्त जेम्स स्किनर याने त्याच्यासाठी चर्चच्या आवारात संगमरवरी कबर बांधली होती. १८५७ च्या बंडात ती फोडली गेली. त्याच साली काश्मिरी दरवाज्यावर इंग्रजांनी सुरुंग लावला आणि पुढे दिल्लीत किती फाशीचे खांब उभे राहिले, ते सर्वांना माहीत आहे.

राहिला चार वर्षांचा पोर. वजीर खानमला सरकारचा धाक होता; मूल मावशीकडे वाढले. पुढे तिने बहादूरशाह जफरचे शहजादे मिर्झा फखरू यांच्याशी निकाह केला. पोरगा लाल किल्ल्यात आला, जौकचा शागिर्द झाला. १८५६ मध्ये मिर्झा फखरू गेले, वर्षभरात किल्लाही गेला. दाग रामपूरला राहिला, मग हैदराबादेत सहाव्या निजामाचा, महबूब अली खान यांचा उस्ताद झाला आणि १९०५ मध्ये तिथेच वारला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते : वडिलांचा परगणा जप्त झाला होता, म्हणून मुलाला आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभे राहावे लागले.

शहीद की खुनी?

फ्रेझरला मारायला शम्सुद्दीनने माणूस पाठवला, हे मला वाचून पटले. भाऊबंदकीतून, जमिनीसाठी, अपमानाच्या रागातून. त्यात ना दीन होता ना वतन. घोड्यावरून घरी जाणाऱ्या माणसाला सलाम करून गोळी घालण्याला शहादत म्हणायला माझी जीभ आता वळत नाही. इंग्रजांनी मारला म्हणून माणूस आपोआप शहीद होत नाही. आपली शहीदांची यादी मुळात लहान नाही. तिच्यात खोटी नावे घातली की खऱ्या नावांवरही लोक शंका घेतात, आणि ती शंका आज आपल्या मुलांना वर्गात, नोकरीत, नाक्यावर ऐकावी लागते.

पण त्या दिवशी काश्मिरी दरवाज्यासमोर जमलेल्या लोकांना मी वेडे म्हणणार नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी आपले शहर परक्यांच्या हातात जाताना पाहिले होते. बादशाह पेन्शनर झाला होता. त्यांना त्या खांबावर शम्सुद्दीन दिसत नव्हता, स्वतःची दिल्ली दिसत होती. त्यांचे दुःख खरे होते, फक्त ज्याच्या नावावर ते जमा झाले तो माणूस त्याला लायक नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा दाग शिकवायची वेळ आली. ती मुलगी वरच्या वर्गात गेली होती. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावले आणि म्हटले, "बेटा, मागच्या वर्षी मी तुला चुकीचे सांगितले होते." सगळी हकिकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग त्या अनियाचे काय झाले?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण प्रश्न बरोबर माणसाबद्दल होता, याचेच मला समाधान वाटले.