बॅटरी बदलल्यावर कारचा स्टिरिओ कोड मागतोय? अंदाजे आकडे टाकण्याआधी हे वाचा

कारची बॅटरी बदलली, पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली, पण स्टिरिओ काही बोलत नाही. डिस्प्लेवर फक्त 'कोड', 'एंटर कोड' किंवा 'सेफ' असं दिसतंय. अशा वेळी बरेच जण आधी ००००, मग १२३४, मग घरातल्या कोणाच्या तरी जन्माचं वर्ष टाकून बघतात. ते चाललं नाही की सेट गेला असं समजून ॲक्सेसरीजच्या दुकानात नवीन अँड्रॉइड सेटचे भाव विचारतात.

यातलं काहीच करायची गरज नसते. तुमचा सेट बिघडलेला नाही. तो फक्त विचारतोय की मी अजून माझ्याच गाडीत आहे ना? त्याचं उत्तर म्हणजे चार किंवा पाच आकड्यांचा कोड, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या घरात किंवा गाडीतच कुठेतरी असतो. या लेखात तो कसा शोधायचा आणि कसा टाकायचा ते बघू.

हा कोड असतो कशासाठी?

१९८० आणि ९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कारची काच फोडून स्टिरिओ चोरणं फार चालायचं. सेट महाग होते, दोन मिनिटांत निघायचे आणि कुठल्याही गाडीत बसायचे. न्यूयॉर्कमध्ये तर 'या गाडीत रेडिओ नाही' अशा पाट्या लोक काचेवर लावायचे. यावर कंपन्यांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे पुढची पट्टी काढून खिशात टाकता येईल असे सेट, आणि दुसरा म्हणजे कोड. चोराने सेट ओढून काढला की वायर सुटते, वीज जाते आणि पुढच्या गाडीत तो सेट कोडशिवाय चालत नाही.

अडचण एवढीच, की चोराने वायर तोडली की तुम्ही बॅटरी बदलली, हे सेटला कळत नाही. त्याच्यासाठी दोन्हीचा अर्थ एकच: वीज गेली.

सगळ्याच गाड्यांत हा प्रकार नसतो. होंडा, फोक्सवॅगन, स्कोडा, रेनॉ, फोर्ड आणि फियाट यांच्या अनेक मॉडेल्समधल्या कंपनी फिटेड सेटमध्ये तो सापडतो. बाहेरून बसवलेल्या बहुतेक सेटमध्ये कोड नसतो.

आत नेमकं काय होतं?

स्टिरिओला विजेच्या दोन वायर येतात. एक चावी फिरवल्यावर चालू होते. दुसरी थेट बॅटरीकडून येते आणि गाडी बंद असतानाही चालू राहते. घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशन्स या दुसऱ्या वायरमुळे टिकून राहतात.

कोड मात्र सेटमधल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये कायमचा लिहिलेला असतो, वीज गेली तरी तो पुसला जात नाही. पुसली जाते ती फक्त 'मालकाने कोड टाकलेला आहे' ही नोंद. म्हणजे फोन रीस्टार्ट केल्यावर फिंगरप्रिंट चालत नाही, आधी पिन टाकावा लागतो, साधारण तसंच. पिन बदललेला नसतो, फोन फक्त तो एकदा पुन्हा विचारतो.

काही नवीन गाड्यांत सेट आधी गाडीलाच विचारून घेतो. फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत कोड गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही साठवलेला असतो. सेट त्याच गाडीत परत जोडला गेला की दोन्ही जुळतात आणि तुम्हाला काही टाकावंच लागत नाही. होंडाच्या काही मॉडेल्समध्ये सेट चालू करून पॉवर बटण दोन सेकंदांपेक्षा थोडं जास्त दाबून ठेवलं, की सेट आपली गाडी ओळखतो आणि कोड न मागता सुरू होतो. होंडा असेल तर सगळ्यात आधी हे करून बघा.

अंदाजे कोड का टाकू नये?

चार आकड्यांचा कोड म्हणजे १०,००० शक्यता. ऐकायला कमी वाटतात, पण चुकीच्या प्रयत्नांवर सेट शिक्षा करतो:

• फोक्सवॅगन, स्कोडाच्या अनेक सेटमध्ये दोन चुका झाल्या की सुमारे एक तास सेट लॉक.
• होंडामध्ये दहा प्रयत्न मिळतात, त्यानंतर एक तास थांबावं लागतं.
• रेनॉमध्ये प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ दुप्पट होत जातो.
• फियाटमध्ये हा वेळ वाढत वाढत २४ तासांपर्यंत जातो.
• फोर्डच्या ६००० सीडीसारख्या सेटमध्ये दहा चुकांनंतर 'लॉक्ड' येतं आणि मग साध्या बटणांनी कोड टाकता येत नाही.

आता हिशोब करा. तासाला दोन प्रयत्न धरले तर सगळे १०,००० कोड संपवायला ५,००० तास, म्हणजे २०० पेक्षा जास्त दिवस लागतील. तेही चावी ऑन ठेवून. तोपर्यंत नवीन बॅटरी कितीदा तरी बसेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सेट लॉक झाला असेल तर तो बंद करून दुसऱ्या दिवशी येऊ नका. होंडा, फोक्सवॅगनच्या सेटमध्ये हा तासभराचा वेळ सेट चालू असतानाच मोजला जातो. चावी ऑन, स्टिरिओ ऑन ठेवून तास पूर्ण होऊ द्या. हेडलाइट आणि एसी बंद ठेवा, म्हणजे बॅटरीवर ताण येणार नाही.

कोड कुठे शोधायचा?

या क्रमाने बघा:

१. मालकाच्या माहितीपुस्तिकेचं पाकीट. एटीएम कार्डाएवढं एक छोटं कार्ड असतं. पुस्तिकेचं शेवटचं पानही बघा, आधीच्या मालकाने तिथे पेनाने लिहून ठेवलेलं असू शकतं.

२. ग्लोव्ह बॉक्सच्या आतली बाजू. होंडामध्ये इथे स्टिकर मिळण्याची शक्यता चांगली असते. स्टिकरवर दोन नंबर असतील तर लांब असतो तो सिरियल नंबर आणि छोटा असतो तो कोड.

३. पहिला मालक. गाडी सेकंड हँड असेल तर एक फोन करा. कार्ड त्यांच्या घरात जुन्या इन्शुरन्सच्या कागदांत पडलेलं असू शकतं.

४. अधिकृत सर्व्हिस सेंटर. आरसी, ओळखपत्र आणि सेटचा सिरियल नंबर घेऊन जा. चॅसिस नंबरवरून आणि सिरियलवरून ते कंपनीकडून कोड मागवू शकतात. जाण्याआधी फोन करून पैसे लागतील का आणि किती, ते विचारा.

अमेरिकेत राहणारे आपले वाचकही बरेच आहेत. तिथल्या होंडाच्या मालकांना कंपनीच्या अधिकृत साइटवर चॅसिस नंबर आणि सिरियल टाकून कोड घरबसल्या मिळतो.

सिरियल नंबर कसा काढायचा?

काही सेट तो स्क्रीनवरच दाखवतात. होंडाच्या बटणवाल्या सेटमध्ये चावी ऑन करा, स्टिरिओ बंद ठेवा, १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरा आणि पॉवर दाबा. आठ आकडी नंबर दोन तुकड्यांत येतो. फोर्डच्या जुन्या सेटमध्ये १ आणि ६ किंवा २ आणि ६ एकत्र दाबून धरल्यावर स्क्रीनवर नंबर फिरू लागतात. त्यातला 'व्ही' किंवा 'एम' ने सुरू होणारा सहा आकडी नंबर आपल्याला हवा असतो. स्क्रीनचा व्हिडिओ काढून ठेवा, लिहून घेताना आकडा चुकतो.

फोक्सवॅगन, स्कोडामध्ये नंबर सेटच्या अंगावरच्या स्टिकरवर असतो आणि 'व्हीडब्ल्यूझेड' किंवा 'एसकेझेड' या अक्षरांनी सुरू होतो. रेनॉमध्ये स्टिकरवर एक अक्षर आणि तीन आकडे असा प्रीकोड असतो. यासाठी सेट बाहेर काढावा लागतो. अनेक सेट काढायला दोन्ही बाजूंनी घालायच्या खास पट्ट्या मिळतात. स्क्रू ड्रायव्हर खुपसून ओढू नका, डॅशबोर्डचं प्लास्टिक तुटतं. जमत नसेल तर हे काम ओळखीच्या कार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

कोड कसा टाकायचा?

• होंडा आणि फियाट: कोडचे आकडे क्रमाने १ ते ६ च्या बटणांनी थेट दाबा.
• फोर्ड: १ ते ४ ही बटणं म्हणजे चार आकडे. पहिला आकडा ७ हवा असेल तर १ नंबरचं बटण ७ दिसेपर्यंत दाबत राहा. शेवटी ५ दाबून पक्कं करा.
• रेनॉ: पद्धत तीच, फक्त शेवटी ६ नंबरचं बटण बीप येईपर्यंत दाबून ठेवा.
• फोक्सवॅगन, स्कोडा: पद्धत तीच. पक्कं करायचं बटण मॉडेलप्रमाणे बदलतं, टचस्क्रीन असेल तर 'ओके' दाबा.

पक्कं करण्याआधी स्क्रीनवरचा आकडा कार्डाशी एकदा जुळवून बघा. घाईत एक प्रयत्न वाया घालवू नका.

ऑनलाइन कोड घ्यावा का?

इथे थोडं सावध राहा. काही सेटमध्ये, उदाहरणार्थ रेनॉच्या प्रीकोडवाल्या, कोड हा ठरलेल्या गणिताने त्या नंबरवरूनच निघतो. म्हणून इंटरनेटवरचे कॅल्क्युलेटर बरोबर उत्तर देतात. सुरक्षेच्या दृष्टीने ही कच्ची रचना आहे. जो नंबर सेटच्या अंगावर छापलाय त्यातूनच पासवर्ड निघत असेल, तर गणित फुटलं की सगळे सेट एकदम उघडे पडतात. फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांचे डीलर कोड कंपनीच्या नोंदींतून काढून देतात. त्यामुळे 'कुठलीही गाडी, एका मिनिटात कोड' असं सांगणाऱ्या साइटवर लगेच विश्वास ठेवू नका.

साधा नियम असा: कोड काढायला सेटचा सिरियल किंवा प्रीकोड लागतो, फार तर चॅसिस नंबर. अनोळखी साइट किंवा व्हॉट्सॲपवरचा माणूस यापलीकडे काही मागत असेल, म्हणजे आधार कार्डाचा फोटो, ओटीपी, एपीके फाइल इन्स्टॉल करणं किंवा स्क्रीन शेअर करणं, तर तिथेच थांबा. गाण्यांसाठी बँक खातं रिकामं करून घेऊ नका.

सगळे मार्ग संपले तर शेवटचा उपाय म्हणजे जाणकार इलेक्ट्रॉनिक्सवाला सेट उघडून मेमरी चिपमधून कोड वाचून देतो. सेट तुमचा आहे याचे कागद सोबत ठेवा. चांगला कारागीर ते मागेल, आणि त्याने मागायलाच हवेत.

रोजच कोड विचारतोय?

कोड टाकला, सेट चालला, पण गाडी बंद करून परत चालू केली की पुन्हा कोड, असं होत असेल तर दोष कोडचा नाही. बॅटरीकडून येणाऱ्या कायमच्या वायरला वीज मिळत नाहीये. बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का बघा, मग स्टिरिओचा फ्यूज तपासा. सेट अलीकडेच काढून बसवला असेल तर कायमची वायर आणि चावीची वायर उलटसुलट जोडली गेली असण्याची शक्यता मोठी.

पुढच्या वेळी हा त्रास नको असेल तर

• कोड कार्डाचा फोटो आजच काढा आणि तो आरसी, इन्शुरन्सच्या फोटोंसोबत ठेवा. मूळ कार्ड मात्र गाडीत ठेवू नका. गाडीसोबत कोडही चोराला मिळाला तर उपयोग काय?
• बॅटरी बदलायला येणाऱ्याला आधीच विचारा, मेमरी सेव्हर आहे का? हे छोटं उपकरण बॅटरी काढलेली असताना गाडीला थोडी वीज देत राहतं, त्यामुळे कोड विचारलाच जात नाही. ते जोडलेलं असताना पॉझिटिव्ह क्लॅम्पमध्ये वीज असते, तो गाडीच्या पत्र्याला लागू देऊ नका.
• बॅटरी स्वतः बदलत असाल तर काढताना आधी निगेटिव्ह आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी.
• सेकंड हँड गाडी घेताना दुसरी चावी मागतो तसंच स्टिरिओचं कोड कार्डही मागा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, फियाटच्या पुंटो, लिनियाही आता नव्या मिळत नाहीत. अशा गाड्यांच्या बाबतीत व्यवहाराच्या वेळीच कार्ड हातात असणं जास्त सोयीचं.

आणि सध्या तुमच्या सेटवर 'सेफ' दिसत असेल तर बटणांवरून हात काढा, आधी ग्लोव्ह बॉक्स उघडा.